रविवारचं पिस्तूल

मल्हाररावांनी मॅगझीन खाली सरकवून काढलं, स्लाइड मागे ओढून नळी रिकामी असल्याची खात्री केली आणि पिस्तूल खिडकीच्या उजेडाकडे वळवताच त्यांचा हात थांबला. स्लाइडच्या डाव्या अंगाला, काळ्यानिळ्या पोलादावर, एक तांबूस डाग होता. चष्मा पुसून त्यांनी परत पाहिलं. डागात बारीक रेघा होत्या. कुणाच्या तरी घामेजल्या अंगठ्याचा ठसा तिथं गंजून उमटला होता.

तो त्यांचा असणं शक्य नव्हतं. वडिलांनी हे बत्तीस बोअरचं जुनं विलायती पिस्तूल त्यांच्या हाती दिलं, तेव्हा पहिला धडा हाच दिला होता. हत्यार गोळीनं झिजत नाही, घामानं मरतं. वडील फत्तेसिंगराव कोलारच्या खाणींकडे पगाराची रोकड नेणाऱ्या गाडीबरोबर असत. ते गेल्यावर परवाना मल्हाररावांच्या नावावर झाला. पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्याच्या टूलरूममध्ये उभी हयात घालवलेल्या या माणसानं गोळी अशी क्वचितच झाडली. पण दर रविवारी नाश्ता उरकला की जेवणाच्या टेबलावर जुनी लुंगी पसरायची, ट्रिगरचं कडं खाली ओढून स्लाइड सुटी करायची, नळीतून ब्रश फिरवायचा, सांध्यासांध्याला तेलाचं बोट द्यायचं, आणि सगळं परत जोडून फडक्यातच धरून लॉकरमध्ये ठेवायचं, हा नेम त्यांनी कधी मोडला नव्हता. मुलगी गेली त्या आठवड्यातही नाही. नातेवाइकांनी तेव्हा एकमेकांकडे पाहिलं होतं.

त्यांनी काडतुसांची डबी उघडली. सगळी काडतुसं नेहमीसारखी ओळीनं उभी होती. एक मात्र उलटं होतं, टोक खाली, बूड वर.

मल्हाररावांनी ते सुलटं केलं. मग डबी बंद केली आणि तिच्यावर हात ठेवून ते तसेच बसून राहिले.

लॉकरची किल्ली देवघराच्या दाराआड खिळ्याला असायची. घरात माणसं तीन. बाहेरचं कुणी देवघरापर्यंत येत नव्हतं. पलीकडच्या खोलीत विराट होता, दार अर्धवट लोटून, कालचाच शर्ट अंगात. चौतिसाव्या वर्षी पोरानं हेब्बाळची चांगली नोकरी सोडली होती आणि दिवाळीपासून घरी बसला होता. विचारलं तर म्हणायचा, "बघतोय अप्पा." काय बघतो, ते सांगायचा नाही. मल्हाररावांनी आधी समजावलं, मग बोल लावले, मग बोलणंच टाकलं. थोरल्या बहिणीवर, शिवानीवर त्याचा जीव होता, हे त्यांना ठाऊक होतं. हेब्बाळच्या पुलावर तिची स्कूटर घसरली, त्याला तीन वर्षं होत आली. पण दुःख काय एकट्या त्यालाच होतं? त्याची आई, सकवारबाई, नव्हत्या उभ्या राहिल्या? तेराव्याला पंगतीत त्यांनी स्वतः वाढलं होतं. यशवंतपूरची सगळी भावकी म्हणाली होती, बाई असावी तर अशी. मल्हाररावांनाही त्याचा अभिमान वाटला होता.

"काय हो, आज अजून झालं नाही?" सकवारबाईंनी स्वयंपाकघरातून विचारलं. "टेबल द्या की रिकामं. सारूला फोडणी घातली मी."

"होतंय."

त्यांनी बारीक लोकरीच्या बोळ्यावर तेल घेऊन डाग घासला. तांबूस रंग निघाला; रेघा मात्र मुलाम्यात उतरल्या होत्या, त्या राहिल्या. पिस्तूल आत गेलं तशी त्यांनी किल्ली खिळ्याला न लावता खिशात टाकली. दिवसभर त्यांचा हात पुनःपुन्हा खिशाकडे जात होता. विराट पाणी प्यायला बाहेर आला की ते वर्तमानपत्र खाली घ्यायचे आणि त्याच्या बोटांकडे बघायचे. विचारावं, असं ओठांशी यायचं. विचारलं आणि तो 'हो' म्हणाला तर पुढं काय बोलायचं, ते त्यांना सुचत नव्हतं.

सोमवारी सकाळी त्यांनी पिस्तूल आणि काडतुसांची डबी पेटीत घातली, परवाना शर्टाच्या खिशात ठेवला.

"रघुपतीच्या दुकानात ठेवून येतो," ते बायकोला म्हणाले. "निवडणुकीचं काहीतरी चाललंय. जमा करा म्हणतात."

सकवारबाई भाजी निवडत होत्या. कसली निवडणूक, असं त्यांनी विचारलं नाही. "सरी, बरं," एवढंच म्हणून त्यांनी पेटीकडे एकदा पाहिलं आणि शेंगेची शीर ओढली.

"मी येतो. गाडी मी चालवतो," विराट खोलीतून बाहेर येत म्हणाला.

मल्हाररावांना ते नको होतं. पण त्याला घरी सोडून जाणंही नको होतं. "चल."

तरी तो लगेच निघाला नाही. कुणाला तरी फोन लावला, दाराशी घुटमळला. तेवढ्यात समोरच्या घरातली श्रीविद्या एक रेशमी साडी घेऊन आली.

"अक्का, पदराला कुच्चू बांधून देता का? संध्याकाळी लग्नाला जायचंय. मी बसते इथंच, तुम्ही बांधा."

सकवारबाईंनी भाजीचं ताट बाजूला सारलं. साडी मांडीवर घेऊन त्या गोंड्यांसाठी पदराचे धागे सोडवू लागल्या, आणि मगच विराटनं चप्पल पायात घातली. त्याच्या या दिरंगाईचा मल्हाररावांना राग आला. वाटेतही प्रत्येक सिग्नलला तो फोन बघत होता.

ब्रिगेड रोडच्या मागच्या गल्लीतलं रघुपतीचं बंदुकांचं दुकान मल्हाररावांच्या वडिलांच्या वेळेपासूनचं. रघुपती त्यांच्याच वयाचा. त्यानं पेटी उघडली, परवाना पाहिला, पिस्तूल हातमोज्यानं उचललं आणि स्लाइड एकदा मागंपुढं केली.

"काय ठेवलंय मल्हारण्णा! नव्या मालाचा आवाज असा येत नाही." मग डाव्या अंगाला त्याचं बोट थांबलं. "हे काय झालं?"

"झालं."

रघुपतीनं वर पाहिलं. मागं काचेच्या कपाटाशी उभ्या असलेल्या विराटकडे पाहिलं, आणि विषय सोडला. "किती दिवस ठेवायचं?"

"परत नेणार नाही. गिऱ्हाईक बघ. नाही मिळालं तर सरकारजमा करायचं काय असतं ते कर."

"वडिलांचं आहे अण्णा. स्वल्प विचार करा."

"केला."

सह्या झाल्या. पिस्तूल रघुपतीच्या तिजोरीत गेलं. मल्हारराव दुकानातून बाहेर पडले, तेव्हा रिकामी पेटी हातात हलकी लागत होती, आणि त्यांना वाटलं, एक तरी गोष्ट आपण वेळेत केली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा पोराच्या पाठीवर हात ठेवावासा वाटला. पण तो पुढं चालत होता, कानाला फोन लावून. "हो. निघालोच. पाऊण तास," असं काहीसं बोलत होता.

मेखरी सर्कलच्या अलीकडे गाड्या तुंबल्या होत्या. विराटनं इंजिन बंद केलं. समोर बस, डाव्या हाताला दुधाचा टेम्पो. इथं कुणी दार आपटून निघून जाऊ शकत नव्हतं. मल्हाररावांनी काचेतून समोर बघत म्हटलं,

"विराट, ते तू हातात घेतलं होतंस."

"हो."

"गोळीही काढली होतीस."

"काढली नव्हती. परत ठेवली."

दोन्हींतला फरक मल्हाररावांच्या लक्षात यायला वेळ लागला. टेम्पोतल्या माणसानं खिडकीतून हात बाहेर काढला, आत घेतला.

"मग काढली कुणी?"

विराटचे दोन्ही हात स्टीअरिंगवर होते. "बुधवारी तुम्ही बँकेत गेला होता. मी खाली औषधाच्या दुकानापर्यंत गेलो, तेवढंच. आलो तर आई शिवानीअक्काच्या कॉटवर बसली होती. पिस्तूल मांडीवर, गोळी शेजारी उशीवर. मी हातातून घेतलं. तिनं दिलं, काही झोंबाझोंबी नाही. म्हणाली, किती जड असतं ते बघत होते."

मल्हाररावांनी पेटी पायाशी ठेवली. मग उचलून पुन्हा मांडीवर घेतली.

"ही पहिली वेळ नाही, अप्पा. दिवाळीच्या आधी एकदा झालं. तेव्हा तुम्ही मंगळूरला लग्नाला गेला होता. श्रीविद्या होती म्हणून निभावलं. त्यानंतर मी नोकरी सोडली."

"आणि मी इतके दिवस तुला..."

"जाऊ द्या."

"मला सांगितलं नाहीस."

"तिनं शपथ घातली." विराटनं आरशात मागं पाहिलं. "आणि सांगून काय झालं असतं? तुम्ही कुलूप लावलं असतं."

मागच्या गाडीनं हॉर्न वाजवला. गाड्या हलल्या होत्या. विराटनं इंजिन चालू केलं आणि इतक्या सावकाश पुढं घेतली की मागचा परत ओरडला.

"दवाखाना..." मल्हारराव म्हणाले.

"नेतो. दर गुरुवारी बाजाराला म्हणून जातो ना आम्ही, ते तिथंच. डॉक्टरीणबाई चांगल्या आहेत. गोळ्या माझ्याजवळ असतात, मीच देतो. आई घेते निमूटपणे. फरक काही दिसत नाही. त्या म्हणतात, वेळ लागेल."

"काय सांगते ती त्यांना?"

"काही नाही. त्यांची चौकशी करते. मुलं किती, स्वयंपाक कोण करतं."

मल्हाररावांना एकाएकी तेरावा आठवला. पंगतीत वाकून वाढणारी बाई. आपण तिला वाहवा मिळू दिली आणि ती वाढत राहिली. तिच्या हातातलं पातेलं कुणी घेतलं नाही. पोलादावरचा चिमूटभर गंज ज्यांना खिडकीच्या उजेडात दिसला, त्यांना आपल्या बायकोचा चेहरा डोळ्यांपुढं आणायला त्या घटकेला त्रास पडत होता. नाकातली चमकी आठवली, कपाळाची आठी आठवली. डोळे काही केल्या आठवेनात.

घरी पोचले तेव्हा श्रीविद्या साडी घडी करून उठत होती. पदराला सारख्या अंतरावर रेशमी गोंडे लोंबत होते, एकही वेडावाकडा नव्हता. विराटनं तिच्याकडे पाहिलं, तिनं किंचित मान हलवली, आणि ती गेली. हा व्यवहार त्यांच्या डोळ्यांदेखत किती वेळा झाला असेल, कोण जाणे.

"ठेवलं?" सकवारबाईंनी विचारलं.

"ठेवलं."

"बरं केलंत. हात धुवा, ताटं घेते."

त्यांनी वाढलं. गरम भात, सारू, घेवड्याची भाजी, वर तुपाची धार. मल्हाररावांनी मान वर करून बायकोकडे पाहिलं. त्या खाली बघून वाढत होत्या. डोळ्यांखाली सावल्या होत्या. कधीपासूनच्या, ते त्यांना सांगता आलं नसतं. त्यांनी तिचं मनगट धरलं. वाढता हात थांबला, पळीतलं सारू टेबलावर सांडलं.

"काय हो?"

"तू पण बस."

"तुमचं होऊ दे की."

"बस, म्हणतो ना."

सकवारबाई बसल्या, खुर्चीच्या टोकावर. ताट घेतलं नाही. पदराच्या टोकानं सांडलेलं पुसत राहिल्या. मग मुलाकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं, आणि त्यांना कळलं. चेहऱ्यावर राग आला नाही, लाजही आली नाही. मल्हाररावांना वाटलं होतं, ती रडेल. मनानं त्यांनी त्याची तयारीही केली होती.

"आता रविवारी काय करणार तुम्ही?" सकवारबाईंनी विचारलं.

"तुझ्याजवळ बसेन."

सकवारबाई जराशा हसल्या. यजमानांनी आग्रह केल्यावर पाव्हणे हसतात तसं.

"बसून काय होणार?" त्या म्हणाल्या. आवाजात कडवटपणा नव्हता. बाजारात आज मटार आले नाहीत, हे सांगताना यायचा तसलाच आवाज होता. "थांबा, ताक आणते."

त्या उठून आत गेल्या. नळ सुरू झाल्याचा आवाज आला, मग बंद झाला. मग काहीच ऐकू येईना. विराटचा हात ताटात थांबला होता. मान न वळवता तो स्वयंपाकघराकडे कान देऊन बसला होता. मल्हाररावांचाही घास हातातच राहिला. आत रवीचा भांड्याला लागून आवाज झाला, परत झाला, मग सलग होऊ लागला. विराट जेवू लागला. ते पाहून मल्हाररावांनीही तो घास तोंडात घातला.