जाड कमरेचं प्यादं

लग्न झाल्यापासून आम्ही दोघं रोज संध्याकाळी बुद्धिबळ खेळायचो. यांचे हात थरथरू लागले, बारीक मोहरे बोटांतून निसटायला लागले, तसा यांनी पटच गुंडाळून ठेवला. मी हट्टाने छोटं लेथ मशीन आणलं.

"आई, या वयात लाकूड कातणार?" लेक हसली.

"कातणार. चष्मा दे."

पहिली प्यादी छिन्नी खोल गेल्याने फुटली. मग एक प्यादं नीट उतरलं, जाडजूड, कमरेला बोटं अडकतील अशी खाच असलेलं. यांनी ते न पाडता उचललं.

"तुझ्यासारखंच गुटगुटीत झालंय. पण घोडा कसा कातशील? तो गोल नसतो."

"घोड्याशिवाय खेळा."

"घोड्याशिवायही हरवीन तुला!"

कितीतरी दिवसांनी यांचा तो तोरा ऐकला. मी पुढचं लाकूड मशीनवर चढवलं.