बाबांची खणखणीत नाणी

आमच्या ओट्याखाली बिस्किटांचा एक मोठा पत्र्याचा डबा आहे. तो सरकवायला दोन माणसं लागतात. आत बाबांची चांदी आहे, असं मला कळायला लागल्यापासून सांगितलं गेलंय.

भानगड अशी की, मोठं नाणं पूर्वी चांदीचं असायचं. मग सरकारला चांदी परवडेना. तेव्हा छाप तोच, आकार तोच, पण आत तांबं आणि वर पांढऱ्या धातूचा पापुद्रा, असं नाणं निघालं. काही वर्षं दोन्ही एकाच गल्ल्यात नांदली, त्यामुळे साल बघूनही पत्ता लागत नाही. बाबा पत्रे ठोकायच्या कारखान्यात होते. पगारातलं प्रत्येक मोठं नाणं ते घरी येऊन ओट्याच्या दगडावर टाकायचे. खणखणलं तर डब्यात, नाहीतर भाजीला.

आता डबा उघडायची वेळ आली, कारण बाबांचे कान गेले. पत्र्यांनी खाल्ले. कानाची डॉक्टरीण म्हणाली, "उरलंय तेवढ्यावर मशीन लगेच लावा. उशीर केलात, तर नुसता दागिना म्हणून मिरवायचं." मशीन महाग. घरात विकण्यासारखं दुसरं काही नव्हतं. भावोजी होते, पण ते ताईचे.

मशीनची घाई बाबांपेक्षा आईला जास्त. तिचा आवाज मुळात बारीक. वर्षभर तिला नवऱ्याशी धड भांडता आलं नव्हतं. टोमणा ओरडून मारला की तो टोमणा राहत नाही, घोषणा होते.

"एकदा मशीन लागू दे," ती म्हणायची. "वर्षभराचं तुंबलंय माझं."

सुट्टीच्या दिवशी भावोजी लोहचुंबक घेऊन आले. त्यांनी डब्यातली मूठभर नाणी एकेक करून चुंबकाला लावली. एकही चिकटलं नाही.

"चांदी!" भावोजी म्हणाले. "डोळे मिटून सांगतो."

"तेच चुकतंय, भावोजी. तांबंही चिकटत नाही."

"असं कसं?"

मी ओट्यावरची साबणाची वडी चुंबकाला लावली. तीही चिकटली नाही. भावोजींनी वडीकडे जरा आदराने पाहिलं.

मग मी नाणं खिडकीशी नेऊन त्याची कड बघितली. चांदीच्या नाण्याची कड सगळी पांढरी असते. मुलाम्याच्या नाण्याला कडेवर तांबूस रेघ दिसते, सँडविचमधल्या टोमॅटोसारखी. पहिल्याला रेघ होती. पुढच्यालाही होती. ऊन खिडकीतून भिंतीवर गेलं, तरी आई आणि मी कडा बघत होतो. शेवटी डब्याचा तळ दिसला. तळाला थोडा गंज होता.

"एक तरी?" आईने विचारलं.

"नाही."

"नीट बघ गं."

"आई, सगळा टोमॅटो आहे."

बाबा खुर्चीतून आमची तोंडं बघत होते. मी नाणं त्यांच्या डोळ्यांपुढे धरलं, रेघेवर बोट ठेवलं. डोळे त्यांचे ठणठणीत आहेत.

"मळ आहे तो, ठमे," ते म्हणाले. "कड काय बघतेस? वाजवून बघ." त्यांनी नाणं ओट्यावर टाकलं. बद्द आवाज आला, लाकडाची ढलपी पडावी तसा. बाबांचा चेहरा उजळला. "ऐकलंस? घंटा नुसती!"

आईने माझ्याकडे पाहिलं. मी दुसरं नाणं मुठीत घेतलं, हात उंच उचलला, जोरात खाली आणला आणि ओट्याच्या वीतभर वरच थांबवला. मूठ उघडलीच नाही.

"हे तर त्याहून गोड," बाबा म्हणाले.

भावोजींना राहवलं नाही. त्यांनी साबणाची वडी ओट्यावर टाकली आणि बाबांकडे बघून भुवया उडवल्या.

"अस्सल," बाबा म्हणाले.

डॉक्टरीण हेही म्हणाली होती, की असे कान ऐकू यायचं बंद होण्याच्या कितीतरी आधीपासून स्वतःच वाजत राहतात, दिवसरात्र. तेव्हा आम्ही मशीनची किंमत ऐकण्यात गुंग होतो.

"भाजीला मात्र कधी एकही आलं नाही," आई हळूच म्हणाली. "मला वाटायचं, आपलं नशीबच खणखणीत." खरी चांदी कारखान्याच्या कॅशियरने आधीच वेचून घेतली असणार. त्याला कड बघायची अक्कल होती.

आई बाबांशेजारी स्टूल ओढून बसली आणि तिच्या बारीक आवाजात सुरू झाली. "अहो, किती वेळा सांगितलं होतं, सोडा तो कारखाना. कानात कापूस घाला म्हटलं, तर म्हणे पोरं हसतात..." वर्षभराचं सगळं. बाबा मान डोलावत होते.

"खरंय तुझं," ते म्हणाले. "सांभाळून ठेवली म्हणून आज उपयोगी पडली."

आईने स्टूल परत जागेवर सरकवलं.

बाबांनी नाणी परत डब्यात भरली, एकेक वाजवून. वडीही वाजवली आणि आत टाकली. बोलून उपयोग नव्हता.

आता हात धुवायचे तर डबा सरकवावा लागतो, आणि त्याला दोन माणसं लागतात.