बुक्क्याचं वैराग्य

वरकुट्याच्या सावळारामतात्यांचा कुत्रा नावाप्रमाणंच काळाभोर, बुक्क्या. कीर्तन म्हणून चुकवायचा नाही. सप्ताहात तात्यांच्या चपलांशेजारी बसून शेवटच्या गजरापर्यंत ऐकायचा. यंदा वैराग्यावर कीर्तन झालं, आणि दुसऱ्याच दिवसापासून त्यानं पडवीतली आपली गादी सोडली. नुसत्या फरशीवर पडू लागला.

तात्यांना भरून आलं. मऊ बिछान्यात देव सापडत नाही, असं बुवा रंगून सांगत होते. ऐकलं साऱ्या गावानं, पण गादी सोडली या मुक्या जिवानं! पारावर त्यांनी ज्याला त्याला सांगितलं. शेजारच्या दादासोंनी तर घरी येऊन बुक्क्याला हात जोडले.

"अवो, म्हातारा झालाय त्यो. दुखत आसंल काय तरी," तात्यांच्या पत्नी विजयमालाबाई म्हणाल्या.

"तुला त्यातलं कळायचं न्हाय."

"बरं. मग वैरागी दूध-चपाती कशी सोडंना?"

तात्या उठून पडवीत गेले. ते बुक्क्याला न्याहाळू लागले. कोपरांवरचे केस झडलेले. उठताना मागचं अंग ओढत होता. दुपारी तो गादीपाशी आला, हुंगली, गोल फिरला, एक पाय टेकवला आणि काढून घेतला. सोडायचीच होती, तर परत कशाला आला?

इकडंतिकडं बघून तात्या स्वतःच त्या गादीवर कुशीवर आडवे झाले. कापूस सगळा कडांना गेलेला, मधे नुसत्या गाठी. एक बरगडीत अशी रुतली, की "आई गं!"

"तुमालाबी वैराग्य आलं का काय?" दारातून विजयमालाबाई.

"गाठी हायत गं नुसत्या. ह्याच्यापरास फरशी बरी. आन मी ह्याला पारावर संत करून ठिवलं." तात्यांनी बुक्क्याचं कोपर हळूच चोळलं.

भिगवणच्या मकसूदभाईंकडनं नवी गादी भरून आली. बुक्क्या लांबूनच हुंगून मागं सरला. विजयमालाबाईंनी जुनीच खोळ वर घातली, तेव्हा कुठं तो फिरून फिरून बसला आणि मोठा उसासा टाकून पसरला.

तात्यांनी पारावर जाऊन खरं ते सांगून टाकलं. दादासो बिघडले, "मग मी हात कशाला जोडलं, तात्या?"

"जोडलं ते बरं केलं," तात्या म्हणाले. "येवढ्या गाठी सोसल्या त्यानं, पर आमच्यावर एकदाबी गुरकला न्हाय."