हवेची भरती

सात मे २०२५ रोजी दुपारी चार वाजता मुंबईत नागरी संरक्षणाच्या सरावाचे भोंगे वाजले. गिरगावात आमच्या वाडीपर्यंत आवाज क्षीण पोचला. समोरच्या गॅलरीतल्या बाईंनी वाळत घातलेले कपडे काढण्याचे काम थांबवलेसुद्धा नाही. साडेचारला सीताराम वैतीचा फोन आला.

"मन्या, आहेस ना जिवंत?"

"सराव होता."

"मला माहितीय रे. आईला कोण समजावणार? एकाहत्तर साल परत आलं म्हणते. तेव्हापासून रडतेय. तुला बोलाव म्हणते."

"मला? कशाला?"

"तुझ्याकडे काम आहे म्हणे. एक्याण्णव वर्षांची बाई, तिचं काम तिलाच ठाऊक. उद्या ये. आणि जेवायलाच ये, बोंबील सोडले नसशील तर."

मी येतो म्हणालो. नकाराला कारण सापडले नाही.

सीताराम आणि मी १९७१ साली परळच्या एका शाळेच्या वसतिगृहात एकाच खोलीत राहत होतो. दोघेही चौदा वर्षांचे. माझ्या वडिलांची बदली नागपूरला झाली होती आणि मुलाची शाळा मोडू नये म्हणून त्यांनी मला तिथे ठेवले. सीतारामचे घर वरळी कोळीवाड्यात, म्हणजे दोन-अडीच मैलांवर. पण वडील दर्यावर, आई सखुबाई पहाटेपासून मासळीच्या टोपलीमागे आणि घरात अभ्यासाला कोपरा नाही, म्हणून एका शिक्षकांच्या शिफारशीने त्याला फुकट जागा मिळाली होती. आमची मैत्री होती. हे विधान मी विचारपूर्वक करतो. पुढे जे घडले त्यामुळे ते खोटे ठरत नाही.

विज्ञानाच्या वर्गाबाहेर, भिंतीवरच्या काचेच्या कपाटात, पाऱ्याचा वायुभारमापक टांगलेला होता. रोज सकाळी आठला आणि संध्याकाळी पाचला त्यावरचा आकडा वाचायचा, वहीत नोंदवायचा आणि दरवाजाजवळच्या फळ्यावर खडूने लिहायचा, अशी शाळेची पद्धत होती. हे काम दोन वर्षे माझ्याकडे होते. मी ते नीट केले. मिलिमीटरच्या दहाव्या भागापर्यंत वाचत असे, तापमानाची दुरुस्ती लावत असे, आणि एकही दिवस चुकवला नाही. संध्याकाळचा आकडा सकाळपेक्षा कमी असतो हे मला दिसत होते. दिवसाच्या उन्हाने तसे होत असावे, असे मी ठरवून टाकले होते.

त्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत मी नागपूरला गेलो आणि कपाटाची किल्ली सीतारामकडे दिली. परत आलो तेव्हा तो दरवाजातच उभा होता.

"मन्या, हवेलापण भरती-ओहोटी असते."

"काहीही."

"अरे, बघ तरी! तीन दिवस दर दोन तासांनी वाचलं. रात्रीचंसुद्धा. दहाला चढते, चारला उतरते. परत रात्री दहाला चढते, पहाटे चारला उतरते. दिवसातनं दोनदा. आमच्या दर्यासारखी."

"मग चंद्रामुळे असेल."

"तिथंच तर गंमत आहे! पाण्याची भरती रोज पाऊण तास पुढं सरकते. ही सरकत नाही. म्हणजे चंद्राचं काम नव्हे हे. सूर्याचं." मग तो हसला. "दोन वर्षं तू काय वाचत होतास रे? बाराखडी?"

ती थट्टा होती. थट्टा म्हणून ती वाईटही नव्हती. पण त्याचा तर्क मी उभ्या उभ्या तपासला आणि त्यात फट सापडली नाही. माझ्याकडे चौदाशेहून अधिक अचूक आकडे होते; त्याच्याकडे छत्तीस होते, तेही दुरुस्ती न लावलेले. दिसले त्याला. त्या संध्याकाळी मला जे वाटले त्याला मत्सर म्हणतात हे मला तेव्हाही कळले होते.

विज्ञानाच्या सरांनी जानेवारीतल्या दादरच्या आंतरशालेय प्रदर्शनासाठी त्याचे नाव दिले. वेळ सरकत नाही हे दाखवायला चंद्राचा एक पूर्ण महिना हवा, असे सीतारामचेच म्हणणे. त्याने नोव्हेंबरच्या मध्यापासून त्याच वहीत दर दोन तासांच्या नोंदी सुरू केल्या. शाळा चालू असताना मधल्या सुट्ट्यांत, एरवी जेवण सोडून. मी त्याला दुरुस्ती लावायला शिकवले. आम्ही रोज एकत्र बसत होतो.

तीन डिसेंबरला युद्ध सुरू झाले. वसतिगृहाच्या खिडक्यांना आम्ही मुलांनी खळ लावून काळे कागद चिकटवले. दुसऱ्या दिवशी प्रार्थनेनंतर रेक्टरांनी जाहीर केले, की हवामानाची माहिती शत्रूच्या विमानांना उपयोगी पडते. सबब युद्ध संपेपर्यंत फळ्यावर काही लिहायचे नाही आणि नोंदवही त्यांच्या कपाटात राहील. आदल्या दिवसाच्या नोंदीही त्यांनी वहीतून खोडायला लावल्या. त्यांनी वही नेली. भिंतीवरचा वायुभारमापक मात्र तिथेच राहिला.

सीताराम चिठोऱ्यांवर लिहू लागला. ट्रंका तपासल्या जात असल्यामुळे तो ती चिठोरी रविवारी भेटायला येणाऱ्या आईच्या हाती देई. पाच तारखेला एक पुडके गेले, बाराला दुसरे. हे फक्त मला माहीत होते, असे मी धरून चाललो होतो.

सोमवारी, तेरा डिसेंबरला, मी रेक्टरांच्या खोलीत गेलो आणि म्हणालो, "सर, सीताराम वैती हवेचे आकडे लिहून कोळीवाड्यात पाठवतो."

त्यातला प्रत्येक शब्द खरा होता.

"कुठले आकडे?" त्यांनी विचारले. मी सांगितले.

ते वाईट गृहस्थ नव्हते, घाबरलेले होते. समुद्रकाठची वस्ती, गुप्त चिठ्ठ्या, आपल्या वसतिगृहातला मुलगा. त्यांनी माणूस पाठवून सखुबाईंकडून पुडकी मागवली आणि स्वयंपाकघरातल्या चुलीत घातली. मंगळवारी सकाळी सीताराम वळकटी घेऊन घरी गेला. मी त्याची ट्रंक दरवाजापर्यंत उचलून दिली. गुरुवारी युद्ध संपले. त्याला परत बोलावावे असे कोणाला सुचले नाही, आणि मी सुचवले नाही.

वही माझ्याकडे परत आली. तीनपासून सोळापर्यंतचे चौदा दिवस त्यात कोरे होते. ते मी टेबलाशी बसून भरले, आधीच्या आकड्यांना जुळतील असे. पुढच्या नोंदी खऱ्या घेतल्या. जानेवारीत दादरला 'हवेची भरती-ओहोटी' हा तक्ता एका नावाने लागला. परीक्षक म्हणाले, ही गोष्ट शास्त्राला शंभराहून अधिक वर्षे ठाऊक आहे, पण मुलाने स्वतः शोधली हे कौतुकास्पद. पहिले बक्षीस मिळाले. त्यानंतर मी भौतिकशास्त्र घेतले आणि एका संशोधन संस्थेतून निवृत्त झालो. ते चौदा दिवस सोडले तर माझ्या नोंदींत बनावट आकडा नाही.

सीताराम वडिलांच्या होडीवर गेला, पुढे घाऊक मासळीच्या व्यापारात शिरला. नऊ वर्षांपूर्वी शाळेच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर आम्ही पुन्हा भेटलो. अधूनमधून चहा घेतो. तो दिवस आमच्या बोलण्यात कधी आला नव्हता. त्याला माहीत असेल आणि त्याने सोडून दिले असेल, हे अनुमान माझ्या सोयीचे होते. त्याच्या घरी मात्र मी कधी गेलो नव्हतो.

आठ मेला अकराच्या सुमारास मी कोळीवाड्यात पोचलो. घरासमोर दोन माणसे जाळे पसरून त्याची भोके सांधत होती. सीताराम ओट्यावर होता.

"या शास्त्रज्ञ! कीर्ती, चहा टाक गं."

कीर्ती म्हणजे त्याची नात, बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला. आतल्या खोलीत खिडकीशी खाटेवर सखुबाई बसल्या होत्या. मूळच्या थोराड बाई. आता नऊवारीच्या आत फक्त हाडांचा सांगाडा होता.

"आजोबा, तुम्हीच ना ते हवा मोजणारे?" कीर्तीने चहा देताना विचारले. "आमच्याकडे फेमस आहे ती स्टोरी."

"कुठली?"

"पणजीनं आजोबांची शाळा घालवली ती."

सीताराम हसला. "अरे, तुला माहीत नाही? ही बया टोपली घेऊन गेटवर उभी राहिली आणि धोंडू पहारेकऱ्याला म्हणाली, माझा पोर हवा मोजतंय, कागद माझ्याकडं ठेवायला देतंय! तिसऱ्या दिवशी माझी वळकटी बाहेर. घरात कुठलीही गोष्ट लपवायची असली की आम्ही म्हणतो, आयेला सांगू नका, गेटवर जाईल."

"किती वर्षं म्हणताय हे?"

"चोपन्न. पोरंबाळं यावरच मोठी झाली." तो अजून हसत होता, पण खाटेकडे पाहत नव्हता.

सखुबाईंनी मला हाताने जवळ बोलावले. मी खाटेच्या कडेला बसलो. त्यांनी माझे मनगट धरले.

"तू त्याचा दोस्त. तूच ट्रंक उचललीस त्याची, मना सांगलंय त्यानं. माझं एक काम कर. त्याला सांग, आयेला माफ कर. माझं तो हसण्यावारी नेतंय. काल भोंगा वाजला, मना वाटलं आता पुन्हा कुनाचं पोर घरी येतंय माझ्या तोंडापायी. मी जायच्या आधी सांग त्याला."

कपातला चहा मी खाली ठेवला. सखुबाईंनी धोंडूला सांगितले होते, हे मला नवीन होते. म्हणजे कारणे दोन होती, आणि दोन कारणे असली की प्रत्येकाला दुसऱ्याच्या आड उभे राहता येते. काही क्षण मी तसा उभा राहून पाहिले. पण निकाल लावणारी एक नोंद माझ्याकडेच होती.

"सीताराम," मी म्हणालो, "धोंडूनं कोणालाही सांगितलं नव्हतं. सोमवारी मी रेक्टरांकडे गेलो. मी त्यांना सांगितलं. त्यांनी मला विचारलं, कुठले आकडे? आधी माहीत असतं तर असं विचारलं नसतं."

बाहेर जाळे सांधणाऱ्यांपैकी एकजण दुसऱ्याला दोरा मागत होता, ते ऐकू आले.

"तू," सीताराम म्हणाला.

"मी."

"का?"

"तुला दिसलं आणि मला दिसलं नाही म्हणून."

तो भिंतीला टेकला. कीर्तीने आपल्या आजोबांकडे पाहिले, मग माझ्याकडे.

"आणि माझे आकडे?"

"जाळले. चौदा दिवसांचे मी मनानं भरले आणि तक्ता माझ्या नावानं लावला."

"जमले?"

"जमले. तुझं म्हणणं बरोबर होतं."

"ते मला माहितीय," तो म्हणाला. "मी तेव्हाच सांगत होतो."

सखुबाई आमच्या तोंडांकडे आळीपाळीने पाहत होत्या. त्यांचा हात अजून माझ्या मनगटावर होता. "काय म्हनतंय तो? माफ केलं?"

"हिला ऐकू गेलं नाही," सीताराम म्हणाला. त्याचा आवाज अगदी सपाट होता. "कानातलं मशीन घालत नाही ती. मोठ्यानं सांग."

मी त्यांच्या कानाशी वाकून पुन्हा सांगितले. त्यांनी मान हलवली, कळले नव्हते.

"मोठ्यानं, मन्या. तिला एवढ्यानं काय होणार?"

मग मी ओरडून सांगितले. आयुष्यात मी कधी आवाज चढवलेला नाही. "तुम्ही नाही! मी सांगितलं रेक्टरांना! तुमच्यामुळे काही झालं नाही!" खिडकीबाहेरचे दोघे सांधायचे थांबले. समोरच्या घरातून एक बाई दारात आली.

सखुबाईंनी माझे मनगट सोडले.

"मी न्हाय?"

"नाही."

"परत बोल."

मी परत तेवढ्याच आवाजात बोललो. शब्द तेच होते. दुसऱ्या वेळी ते उच्चारणे सोपे जात नाही, हे नोंदवून ठेवण्यासारखे आहे.

त्या बराच वेळ हाताच्या बोटांकडे पाहत राहिल्या. त्यांनी माझ्याकडे पुन्हा पाहिले नाही. कीर्तीने माझा अर्धा भरलेला कप उचलून आत नेला. स्वयंपाकघरातून बोंबील तळल्याचा वास येत होता, पण जेवणाचे नाव कोणी काढले नाही. मी उठलो. सीतारामला काही म्हणावे असे वाटत होते. त्याने हाताने मला वाटेतून बाजूला केले आणि खाटेशी जाऊन जमिनीवर बसला.

मी दाराशी बूट घालत होतो तेव्हा आतून सखुबाईंचा आवाज आला.

"त्याचं ऐकलं. आता तू बोल, सीतू."

मी एका बुटाची नाडी बांधली.

"तू न्हवतीस, आये," तो म्हणाला.

"काय?"

मी दुसरी नाडी तशीच सोडून ओटा उतरलो. गल्लीच्या तोंडापर्यंत त्याचे ओरडणे ऐकू येत होते.