दादीची कात्री

मुलांनो, एक ओटा डोळ्यांपुढे आणा. सोलापुरातल्या विडी कामगारांच्या वस्तीतला. त्यावर दोन बायका बसल्या आहेत, पण एकमेकींकडे पाठ करून. दोघींच्या मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि पानं. एक आयत नावाच्या मुलीची दादी जमीला, दुसरी शेजारची काशम्मा. वीस वर्षं त्या समोरासमोर बसून विड्या वळत आल्या होत्या. मग सोमवारी जमीलाची पानं कापायची कात्री हरवली.

"हितंच ठेवली होती. पाय फुटले काय कात्रीला?" जमीला म्हणाली.

"माझ्याकडं बघून काय म्हणतीस? माझ्या घरात दोन हायत की!"

"मी तुझं नाव घेतलं का?"

"घ्यायचं राहिलं काय आता?" म्हणत काशम्माने सुपासकट पाठ फिरवली. तेव्हापासून अबोला.

पानाच्या कात्रीने दुसरं काही कापायचं नाही, हे त्या वस्तीत शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. सातवीतल्या आयतलाही होतं. तरी तिने शाळेच्या प्रकल्पासाठी त्या कात्रीने पत्रा कापला. टोक तुटलं. भीतीने तिने कात्री दप्तरात लपवली.

गुरुवारी ती धोंडप्पा सरांच्या इंग्रजीच्या शिकवणीला गेली. सरांनी प्रेझेंट परफेक्ट काळ शिकवला. "काम मागे झालं, पण त्याचं आज काहीतरी उरलंय, तेव्हा हा काळ वापरायचा," ते म्हणाले. फळ्यावर चार शब्द लिहिले: येट, सिन्स, नेव्हर, ऑलरेडी. "वाक्यं पुस्तकातली नकोत. घरची लिहा, आणि खरी."

आयतने इंग्रजीत लिहिलं. येट घालून: दादीला कात्री अजून सापडलेली नाही. सिन्स घालून: काशम्मा सोमवारपासून तिच्याशी बोललेली नाही. नेव्हर घालून: त्या याआधी कधीच भांडलेल्या नाहीत.

सरांनी तिन्ही वाक्यांवर बरोबरची खूण केली. "झकास. ऑलरेडी, म्हणजे 'आधीच', राहिलं की."

"सर, खोटं चालेल?"

"व्याकरणाला चालतं. मला नाही."

आयतने 'आय हॅव ऑलरेडी' एवढं लिहिलं आणि पेन थांबवलं.

"सुचंना काय?"

"सुचलंय सर. पण ते अजून केलेलं नाही."

सरांनी वहीतल्या अर्ध्या ओळीवर बोट ठेवलं. "मग जागा सोड. झाल्यावर भर."

आयत घरी आली. दादीजवळ न थांबता ती आधी काशम्मापुढे उभी राहिली, दप्तरातून कात्री काढली आणि दादीलाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "अक्का, ही मी घेतली होती."