सदतिसाव्या ओळीतलं पान

पिवळी चिठ्ठी लॅपटॉपच्या कडेला अर्धी चिकटलेली, अर्धी पंख्याच्या वाऱ्यावर उठणारी, आणि तिच्यावर अंकुरचं घाईचं अक्षर – ‘काका, ३७ राहिलं. चारच्या आत.’ अमरसिंगने ती अंगठ्याने दाबली, अंगठा काढला तशी ती उठली, पुन्हा दाबली... पंचावन्न वर्षांचा माणूस, कारखान्याचा निम्मा मालक, सकाळपासून कागदाच्या तुकड्याशी हुज्जत घालत बसला आहे हे कुणी पाहिलं असतं तर हसलं असतं. काचेपलीकडे शेडमध्ये फवारणी पंपांच्या टाक्या एकावर एक रचलेल्या होत्या, ऐन फवारणीच्या दिवसांतही रचलेल्याच होत्या, आणि लोहाऱ्याच्या या औद्योगिक वसाहतीत ऑगस्टमध्ये माल पडून राहणं म्हणजे काय, ते त्याला कुणी सांगायला नको होतं.

चिठ्ठी खोटं बोलत नव्हती. पडद्यावरच्या तक्त्यात छत्तीस ओळी भरलेल्या होत्या – डाव्या रकान्यात जुन्या साइटवरचं पान, उजव्या रकान्यात ते आता कुठे वळवायचं त्याचा पत्ता. कंपनी एक आणि साइट चार! एक थोरल्या शंकरसिंगदादांनी यवतमाळच्या कुण्या ओळखीच्याकडून करून घेतलेली, एक सुट्या भागांची, पुसदच्या मेहुण्याने हट्टाने आपल्या नावावर काढलेली, एक अंकुरची – दादांचा मुलगा, पुण्याहून शिकून आल्याबरोबर त्यालाही स्वतःची हवीच होती – आणि चौथी अमरसिंगची. घर फुटू नये म्हणून ज्याला त्याला आपापली साइट काढू दिली. शेत वाटण्यापेक्षा ते बरं, असं तेव्हा सगळ्यांनाच वाटलं. आता चारींवर तोच पंप, त्याच पंपाची तीच माहिती, आणि नांदेडचा कुणी शेतकरी मोबाइलवर ‘बॅटरी पंप’ शोधायला गेला की गूगललाच कळेना यातली खरी कोणती, म्हणून चारीही तिसऱ्या-चौथ्या पानावर, जिथे कुणी जात नाही. ‘काका, आपल्याच चार जणी एकमेकींच्या पायात पाय घालून राह्यल्या,’ अंकुर म्हणाला होता, आणि पोराचं खोटं नव्हतं. एका घरात चार चुली मांडल्या की धूरच फार.

म्हणून एकच साइट ठेवायची, बाकीच्या तिन्हींवरची पानं तिच्याकडे वळवायची. जुनं पान उघडायला गेलेला माणूस आपोआप नव्या जागी पोचतो, आणि जुन्या पानाने कमावलेलं वजन नव्याला मिळतं. छत्तीस पानांचं त्याला काही वाटलं नाही. सदतिसावं मात्र त्याचं स्वतःचं होतं – ‘फवारता फवारता चक्कर आली तर’.

हे काम ज्यांना दिलं होतं, त्या नागपूरच्या ऑफिसातली सलोनी सकाळी व्हिडिओवर बोलली. गोड बोलली, आणि स्पष्ट बोलली. ‘सर, तुमच्या चारही साइटमधलं सगळ्यात ताकदीचं पान हेच आहे. कृषी महाविद्यालयांनी, पेपरवाल्यांनी त्याचे दुवे दिलेत. हे थेट पंपाच्या पानाकडे वळवलं तर यातली थोडी ताकद तरी पंपाला मिळेल.’ मग म्हणाली – ‘किंवा आपण ठेवतोय त्या साइटवर ते आहे तसंच आणा. पण मग पंप वर यायला वेळ लागेल, हा सीझन जाईल. निर्णय तुमचा.’

निर्णय तुमचा... कुठल्या तरी बांधावर कुणी तरी डोळे चोळत बसलेला, त्याची बायको घाबऱ्याघुबऱ्या मोबाइलला विचारते, चक्कर येऊन राह्यली काय करू, पहिलं दिसेल त्यावर बोट ठेवते – आणि समोर येतो पंप, पोळ्यानिमित्त खास सूट! अमरसिंगला राग आला, आणि राग आल्याचं बरंही वाटलं. अजून आपल्याला राग येतो, दादांना येत नाही, अंकुरला तर तो काय असतो तेच माहीत नाही, असं काहीसं वाटून त्याने खुर्चीत पाठ ताठ केली.

सात वर्षं झाली. आर्णीजवळ त्यांच्या तांड्याच्या शिवारात नव्या पंपाचं प्रात्यक्षिक होतं, फोटो काढायचे होते, आणि पाठीवर पंप घेऊन कपाशीतून चालत होता उकंडा. आधीची दोन लेकरं गेली म्हणून आईने जन्मल्याबरोबर उकिरड्यावर ठेवून परत उचललेला, टाकून दिलेल्याकडे मरणाची नजर जात नाही म्हणून ते नाव लावून पंचेचाळीस वर्षं जगलेला. दुपारी चक्कर येते म्हणाला, बांधावर बसला. कुणी लिंबूपाणी दिलं, कुणी म्हणालं ऊन लागलं. पाचव्या दिवशी दवाखान्यात त्याचा जीव गेला. त्याची बायको तुळसाबाई नुसती अमरसिंगच्या बुटांकडे बघत बसली. महिनाभराने त्याने ते पान लिहिलं, कुणालाही कळेल अशा साध्या भाषेत, आणि खाली स्वतःचा मोबाइल नंबर टाकला. पंपाची जाहिरात नाही, कंपनीचं नाव नाही. तेव्हापासून दर फवारणीला फोन येतात – लग्नाच्या पंगतीत येतात, मयतीत येतात – आणि मी ते घेतो. एकही चुकवलेला नाही. लोक देवमाणूस म्हणतात, मी नको-नको म्हणतो, पण अगदी मनापासून म्हणतो असं नाही.

दीडच्या सुमाराला दादा डबा घेऊन आत आले. दोघं भाऊ तीस वर्षं एकाच टेबलावर जेवत आले होते, बोलणं असो वा नसो.

‘भरलं का ते?’

‘नाही अजून.’

‘कायले अडून राह्यला तू, अमर? शेडमध्ये पाह्य. बावीस मानसं हायेत. पंप इकला नाही त दिवाळीनंतर अर्ध्यांले घरी पाठवा लागन.’

‘चक्कर आलेल्या मानसाले पंप दाखवू का मी? इतकी लाज नाही सोडली अजून.’

दादा चिडले नाहीत. त्यांनी भाकरी मोडली, ठेच्याला लावली, आणि धाकट्याची समजूत काढावी तशा सुरात म्हणाले, ‘तुह्या पानाले मी कधी नाव ठेवलं का? चांगलंच लिहलं तू. मी त तेव्हा भ्यालो होतो बापा, हा आता काय काय लिहून टाकते म्हून. पन तू बराबर लिहलं. आपल्या अंगावर येईन असं एक अक्षर नाही त्यात.’

कौतुकच होतं ते. वर्षानुवर्षं मनात ठेवून आज सहज बोलून दाखवलेलं. दादा घास चावत राहिले, ठेचा तिखट झाला म्हणाले, कपाळावरचा घाम पुसून हात धुवायला गेले, आणि अमरसिंगच्या हातातला घास कोरडा होत गेला.

एक अक्षर नाही... त्याने पान उघडलं. कित्येक वर्षांत त्याने ते वाचलं नव्हतं, आपलंच लिहिलेलं कोण वाचतं. वाऱ्याच्या विरुद्ध तोंड करून फवारू नका. तोंडाला बांधलेला दुपट्टा औषध पितो, तो मास्क नव्हे. औषध हाताने ढवळू नका. अॅप्रन घातल्याशिवाय पंप पाठीवर घेऊ नका. कपडे उतरवा, साबणाने धुवा, औषधाचा डबा सोबत घेऊन दवाखाना गाठा. सगळं होतं. झाकण नव्हतं.

निळं झाकण. प्रात्यक्षिकाच्या आठवडाभर आधी केळापूरच्या दुकानदाराने डझनभर पंप परत पाठवले होते, माणूस वाकला की झाकणातून पाठीवर गळते म्हणून. अमरसिंगने ते खोटं मानलं नव्हतं. मी स्वतः एकात पाणी भरलं, पाठीवर घेतला, वाकलो, आणि मणक्यावरून थंड धार खाली उतरली. पुढच्या लॉटला रबर बदलू, म्हणालो. प्रात्यक्षिकाचा पंप त्याच लॉटमधला. आणि उकंडाने तर पाठही झाकणारा अॅप्रन घातलेला होता! फोटोवाला म्हणाला, टी-शर्टावरचं कंपनीचं नाव झाकलं जातं. ‘उकंडा, काढ ते, दहा मिनटांचं काम हाय’ – हे कोण म्हणालं? फोटोवाला नाही. दादा तिथे नव्हतेच. उकंडाने निमूट काढला, बांधावरच्या बोराटीवर टाकला, आणि ऊन हवं तसं पडेना म्हणून दहा मिनिटांचे दोन तास झाले... पाठ ओली दिसत होती. घाम असेल असं वाटलं. नाही, वाटून घेतलं.

पुढच्या लॉटला रबर बदललं, झाकण काळं केलं. निळ्या झाकणाचे विकले गेलेले मात्र परत मागवले नाहीत, कारण मागवायचे तर का मागवतो ते सांगावं लागलं असतं. आणि पंप काही सात वर्षांत मरत नाही. मालक नवा घेतो, जुना सालदाराच्या पाठीवर जातो.

तो पान पुन्हा वरून खाली वाचत गेला आणि प्रत्येक ओळ त्याला नव्याने ऐकू येऊ लागली – तू हे घाल, तू हे करू नको, तू वारा बघ. सगळं पाठीवर पंप घेतलेल्या माणसालाच सांगितलेलं. वाचणाऱ्याला वाटावं, चुकलं ते त्याचंच. सलोनीने काय वळवायचं आता, मी तर ते लिहिलं त्याच दिवशी पंपाकडे वळवून ठेवलं होतं.

एक ओळ घालायला दोन मिनिटं लागतात. त्याने टाइप केलं – ‘निळ्या झाकणाचा पंप असेल तर’ – आणि थांबला. काचेपलीकडे कुणी तरी मोठ्याने हसलं. बावीस माणसं. दादांचा चेहरा. तुळसाबाई अजून तांड्यावरच राहते, तिची मुलगी मोबाइल वाचते. त्याने अक्षरं एकेक करून पुसली. मग उजव्या रकान्याकडे बघताना त्याच्या ध्यानात आलं की सकाळी ज्याचा राग येत होता ते आता किती सोपं, किती हवंहवंसं वाटतंय. पंपाचा पत्ता टाकला की पान गेलं, आणि पानात जे नव्हतं तेही गेलं. पुढे नंबर नाही, फोन नाहीत. दोष अंकुरचा, दोष सीझनचा. बोट त्या रकान्यावर गेलंसुद्धा.

फोन वाजला तेव्हा पावणेचार झाले होते.

‘भाऊ, ते फवारनीचं पान हाय ना, त्याच्यावरून नंबर घेतला... माह्या घरच्यांले चक्कर येऊन राह्यली. उलटी झाली. डोये लाल झाले.’

तो उठून उभा राहिला. आवाज आपोआप स्थिर झाला, इतक्या वेळा बोललेलं होतं. ‘अंगावरचे कपडे काढा पयले. साबन लावून अंग धुवा. तोंडात काही देऊ नोका, लिंबूपानीबी नोको. औषदाचा डबा संग घ्या. गाडी हाय का?’

‘भासऱ्याची गाडी येऊन राह्यली.’

‘कुठून बोलता?’

‘केळापूरहून.’

यापुढे तो नेहमी घाबरू नका म्हणायचा आणि ठेवायचा. आज तोंडातून निघालं, ‘बाई, पंपाचं झाकन कोन्त्या रंगाचं हाय?’

‘काहून?’

‘कोनाले तरी पाह्याले सांगा.’

‘बांधावर पडला हाय तो... रुपाली, पाय वं, पंपाचं झाकन कसं हाय ते! थांबा, जाऊ गेली पाह्याले.’

पलीकडे बादलीतून पाणी ओतल्याचा आवाज आला, मग पुरुषाचं ओकणं. अलीकडे काचेशी अंकुर येऊन उभा, मनगटावर बोट आपटत चार-चार असं खुणावत होता. अमरसिंगने त्याच्याकडे पाठ केली आणि डोळे मिटले. काळं म्हण, तो मनात त्या न पाहिलेल्या बाईला विनवत होता, काळं म्हण, काळं म्हण बाई... आणि मग त्याला कळलं की इतका वेळ आपण झाकणासाठीच हात जोडतो आहोत, त्या माणसासाठी अजून काहीच मागितलेलं नाही. रुपाली अजून परतली नव्हती.