चिरकलेली घंटा

मित्रांनो, यूनपिंग डोंगरावरच्या ताओपंथी मंदिराची मी जुनी घंटा. काशाची. माझ्या पोटात लोलक नाही. टांगलेला ओंडका बाहेरून आदळतो तेव्हा मी बोलते. ओतताना गावातल्या बायकांनी कानातली कर्णफुलं माझ्या रसात टाकली, म्हणून माझा आवाज गोड. जोगीण यूनछिंग पहाटे टोल देई आणि बांबूच्या बेटातली सगळी पाखरं एकदम खिंडीकडे उडत. तो माझा अभिमान होता.

त्याच अभिमानाचा पाखरं विकणाऱ्या लू बाओने गळफास केला. माझ्या टोलाने पाखरं कुठे उडतात ते हेरून त्याने खिंडीत जाळी लावली. जत्रेला आलेली माणसं तीच पाखरं विकत घेत आणि पुण्यासाठी आकाशात सोडत. दुसऱ्या पहाटे मीच त्यांना पुन्हा जाळ्यात लोटत असे. मुकी असते तर बरं, असं वाटे. त्याचं वाटोळं व्हावं, एवढंच मी मागत होते.

एका जत्रेत फान आजीने आजारी नातवासाठी एक पाखरू घेतलं. पाखराच्या पायाला लाल दोरा होता. ती थबकली.

"लू, हे तर मी मागच्या जत्रेला सोडलं होतं."

"दोरा काय, कुणीही बांधतं, आजी."

"दोरा कुणीही बांधेल. ही गाठ माझ्या सासूची आहे, मला सोडून कुणाला येत नाही. माझ्या नातवाचं पुण्य पुन्हा पिंजऱ्यात घातलंस होय रे?"

लोकांनी पिंजरे उघडले. यूनछिंगने खिंडीतली जाळी आणून धूपपात्रात जाळली, आणि त्या दिवसापासून लूला डोंगरावर कुणी चहासुद्धा विचारला नाही. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू?

मग भरदुपारी तो हातोडा घेऊन आला आणि मला तडा गेला.

आता माझा आवाज चिरका येतो. मला वितळवून नवी ओतायची म्हणतात. मित्रांनो, तुम्ही पुण्यासाठी पिंजऱ्यातलं पाखरू विकत घेऊ नका; घेणारा आहे म्हणून धरणारा आहे. आणि माझी एवढी काळजी घ्या, की मला नीट करू नका. लूचं घर पायथ्याशीच आहे. रोज पहाटे पाखरं मोकळी उडतात आणि त्याने फोडलेला माझा आवाज त्याच्या उशाशी जातो. तो मेला, की मग खुशाल वितळवा.